समाजकार्याच्या पदवीला सनद हवी

जळगाव शहरालगतच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे नाव २०१८ पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आहे. खानदेशात समाजकार्याची पदवी घेणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर ते नाव छापलेले असते. जळगावचे लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय, अमळनेरचे पंडित जवाहरलाल नेहरू समाजकार्य महाविद्यालय, चोपड्याचे भगिनी मंडळाचे महाविद्यालय, धुळ्याजवळ मोराण्याचे महाविद्यालय, अशा ठिकाणांहून दरवर्षी बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू झालेली मुले-मुली बाहेर पडतात. त्याच सुमारास याच जिल्ह्यांतला कायद्याचा पदवीधर बार कौन्सिलकडे सनदेचा अर्ज भरतो. नर्सिंग झालेली मुलगी महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक घेते. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या फार्मासिस्टला तर १९४८ च्या कायद्यापासून नोंदणी बंधनकारक आहे. समाजकार्याच्या पदवीधराला मात्र अर्ज घेऊन जावे अशी खिडकीच नाही. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद आजही नाही. १९९० च्या दशकात तिच्या विधेयकाचा मसुदा तयार झाला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. ही उणीव पदवीधरांच्या मानापानाची आणि नोकरीची म्हणून नेहमी मांडली जाते. माझ्या मते तिचा खरा फटका बसतो तो या पदवीधराला ज्यांच्या घरात शिरून ज्यांच्या आयुष्याबद्दल लिहायचे असते, त्या माणसांना. म्हणून सनदेचा प्रश्न त्यांच्या बाजूने पाहायला हवा.

समाजकार्यकर्ता नेमके काय लिहितो ते जवळून पाहू. समजा, असोद्यातल्या किंवा आसपासच्या कुठल्याही गावातल्या सोळा वर्षांच्या मुलावर मारामारीचा गुन्हा दाखल झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे केले जाते. पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे यावा लागतो. तो परिविक्षा अधिकाऱ्याने करायचा असतो आणि अधिकारी उपलब्ध नसेल तर बालकल्याण अधिकाऱ्याने किंवा एखाद्या समाजकार्यकर्त्याने. २०१६ च्या आदर्श नियमांत या अहवालाचा ठरीव नमुना आहे, नमुना क्रमांक ६. घरात कोण कोण, त्यांचे शिक्षण काय, कमाई किती, कोणाला व्यसन आहे का, आईवडिलांचे आपसांत कसे आहे, मुलाने शाळा का सोडली, कामाला कुठे जात होता, मित्र कोण, त्याला घरात किंवा बाहेर मारहाण किंवा आणखी कसला अत्याचार सोसावा लागला का, असे रकाने त्यात येतात. शेवटी अहवाल लिहिणाऱ्याचे मत आणि पुनर्वसनाची शिफारस. या कागदाचे वजन फार मोठे आहे. मुलगा घरी जाईल की निरीक्षणगृहात राहील, समुपदेशन पुरेल की देखरेख लागेल, हे ठरवताना मंडळापुढे त्या घरात प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसाचा शब्द म्हणून हाच कागद असतो.

हे रकाने भरणे म्हणजे कारकुनी नव्हे. ‘वडिलांना व्यसन आहे का’ या प्रश्नाचे उत्तर वडिलांसमोर आईला विचारून मिळत नाही. केळीच्या बागेत किंवा कापूस वेचायला रोजाने जाणारी आई सकाळी अकराला घरी सापडत नाही. तपासणीला गेलेला माणूस शेजाऱ्यांकडे चौकशी करू लागला, तर मुलाची ओळख गावभर होते आणि ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. अत्याचाराचा प्रश्न तर पहिल्या भेटीत विचारावा की नाही, विचारला तर कोणत्या शब्दांत, आणि उत्तर ‘हो’ आले तर पुढच्या तासाभरात काय करायचे, हे सगळे शिकावे लागते. समाजकार्य महाविद्यालयांत आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य असते. विद्यार्थी वस्तीत, दवाखान्यात, संस्थेत जातो, परत येऊन भेटीची नोंद लिहितो, पर्यवेक्षक प्राध्यापक ती नोंद तपासून ‘हे तुला कोणी सांगितले, की तू गृहीत धरलेस?’ असे विचारतो. दोन-तीन वर्षे हे केल्यावर ऐकलेले, पाहिलेले आणि स्वतःचे मत यांत फरक करायची सवय लागते. अहवालाची सगळी विश्वासार्हता त्या सवयीवर उभी असते.

आता कायदा या कामासाठी कोणाला पात्र धरतो ते पाहा. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक तरी स्त्री. या दोघांच्या पात्रतेसाठी कलम ४ म्हणते की मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षे सक्रिय सहभाग हवा, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा यांतली पदवी असलेला व्यावसायिक हवा. या यादीत समाजकार्याची पदवी नाही. त्याच कायद्यात बाल कल्याण समितीच्या सदस्यांसाठी, कलम २७ मध्ये, समाजकार्याची पदवी आहे. म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबद्दल निर्णय घ्यायला एमएसडब्ल्यू पदवीने पात्र ठरतो, आणि कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाबद्दल निर्णय घ्यायला त्याच पदवीने ठरत नाही. यात कोणाचा वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. ‘हा व्यवसाय म्हणजे नेमके कोण’ याची एकच अधिकृत नोंद देशात कुठे नसली की कायदे लिहिणारे दर वेळी नव्याने यादी करतात आणि दर यादीत कोणीतरी सुटते.

सनद अजिबातच नाही असेही नाही. ती तुकड्यातुकड्यांत आहे, आणि हे तुकडे सामान्य वाचकाला माहीत नसतात म्हणून थोडे थांबून सांगायला हवेत. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली अपंगांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची केंद्रीय नोंदवहीत नोंद होते. ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली आणि त्याची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे सोपवली. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला लावला आणि महाराष्ट्राने १९६६ च्या नियमांत त्याची पात्रता ठरवली. तिथे नोंदणी नाही, पण पात्रतेची भिंत आहे, आणि मराठी येण्याची अटही आहे. सगळ्यात मोठा तुकडा २०२१ चा. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्याच्या गटात क्लिनिकल, मनोविकार आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते आले. या कायद्याने राज्य परिषदा, राज्य नोंदवह्या आणि नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास शिक्षा, असा पूर्ण सांगाडा दिला. कायदा मे २०२१ मध्ये लागू झाला, पण परिषदाच उभ्या राहिनात. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना १२ ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली.

या सगळ्या तुकड्यांची बेरीज केली तरी गोधडी पुरी होत नाही. मनोरुग्णालयातल्या समाजकार्यकर्त्याला नोंदणी लागते. धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून बसणारा आता २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत येईल. पण निरीक्षणगृहात अहवाल लिहिणारा, दत्तक देण्याआधी इच्छुक पालकांच्या घरी जाऊन गृह अभ्यास अहवाल करणारा, पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षात मार खाऊन आलेल्या बाईचे ऐकणारी, सातपुड्याच्या पाड्यावर कुपोषणाच्या घरांना भेटी देणारी, या सगळ्यांना तो कायदा स्पष्टपणे आपले म्हणत नाही. गृह अभ्यास अहवाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो आणि त्यावर एका बाळाचे सबंध आयुष्य ठरते. असा अहवाल लिहिणाऱ्याचे नाव कुठल्याही व्यावसायिक नोंदवहीत असलेच पाहिजे, अशी सक्ती नाही.

नोंदवही नसल्याने तक्रारीलाही जागा नाही, आणि मला हे सर्वांत गंभीर वाटते. वकिलाने अशिलाची गुपिते फोडली तर बार कौन्सिलकडे जाता येते. डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. समाजकार्यकर्त्याने सेवार्थीची गोष्ट बाहेर सांगितली, अहवालात जातीचा किंवा चारित्र्याचा शेरा मारला, मदतीच्या बदल्यात काही मागितले, तर संस्थेच्या सचिवाकडे तक्रार करावी लागते. संस्थेने त्याला कामावरून कमी केले तर तो पुढच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या संस्थेत रुजू होतो. गुन्हा असेल तर पोलीस आहेत, पण व्यावसायिक गैरवर्तन आणि गुन्हा यांच्या मधली जागा फार मोठी असते. जळगाव शहराला १९९४ सालचे वासनाकांड विसरता आलेले नाही. छायाचित्रांच्या धाकाने मुलींचे शोषण झाल्याचे ते प्रकरण होते आणि तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली फार थोड्या होत्या. बोलले तर ते कुठवर जाईल याची खात्री नसेल, तर कोणतीही मुलगी बोलत नाही. तिच्यासमोर बसणाऱ्या व्यक्तीवर गुप्ततेचे बंधन आहे आणि ते मोडल्यास त्या व्यक्तीची उपजीविका जाईल, इतकी खात्री सनदेने देता येते.

प्रशिक्षित माणसाने काय फरक पडतो याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातल्याच संस्थेने घालून दिले. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तीच पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिच्या ‘कोशिश’ गटाने बिहारमधल्या निवासगृहांचे सामाजिक परीक्षण करून २०१८ मध्ये अहवाल दिला आणि मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवासगृहातले लैंगिक अत्याचार उघडकीला आले. निवासगृह सरकारी अनुदानावर चालत होते. संस्थाचालकाकडून माहिती घेऊन रकाना भरणे आणि मुलींशी वेगळे बसून, त्यांच्या वेळेने, त्यांना बोलू देणे यांतला फरक त्या गटाला ठाऊक होता. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीसह अनेकांना दोषी ठरवले.

सनद मिळवण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट ती टिकवणे ही आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तिचा उल्लेखच नसतो. २००५ साली एमएसडब्ल्यू झालेल्या व्यक्तीने अभ्यासक्रमात १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा शिकला असेल. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल आजार त्यात आला, आणि सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांसाठी याचा अर्थ प्रमाणपत्र, सवलती आणि योजना असा होतो. लैंगिक अपराधांपासून मुलांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा. त्यानुसार अशा अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळवणे हाच गुन्हा आहे, म्हणजे समुपदेशकाने ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे मुलीला दिलेले वचन कायद्यात बसत नाही आणि हे तिला बोलणे सुरू होण्याआधी सांगावे लागते. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये नवा आला, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. दत्तक नियम २०२२ मध्ये बदलले. २००५ च्या पदवीच्या भांडवलावर आज काम करणारा माणूस कितीही तळमळीचा असला तरी समोरच्याला चुकीची माहिती देऊ शकतो. डॉक्टरांना महाराष्ट्रात पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण जमवल्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण करता येत नाही. समाजकार्याला असाच, पण आपल्या पद्धतीचा नियम लागू करायला काय अडचण आहे? विद्यापीठात किंवा महाविद्यालयात वर्षातून दोन-तीन दिवसांची उजळणी, कायद्यातले बदल, आणि स्वतःच्या दोन-तीन केसेस पर्यवेक्षकासमोर मांडून त्यांची तपासणी, एवढे पुरे आहे. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे पदनाम २००५ पासून नोंदणीकृतांनाच वापरता येते. नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी होते, आणि त्यासाठी वर्षभरात काय शिकलो, त्यातून कामात काय बदलले, हे लिहून द्यावे लागते. नोंदवही कोणालाही उघडून पाहता येते, शिस्तभंगाचे निर्णयही प्रसिद्ध होतात.

यावर खानदेशातला जाणता वाचक पहिला आक्षेप घेईल तो परंपरेचा. १९३६ सालीच, नागपाड्यात ते विद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि धनाजी नाना चौधरींसारख्यांनी ते हजारो हातांच्या श्रमाने उभे केले. त्यांच्यापैकी कोणाकडे समाजसेवेचा परवाना होता? अमळनेरच्या शाळेत मुलांची आईसारखी काळजी घेणाऱ्या साने गुरुजींना कोणी नोंदणी क्रमांक विचारला असता? आणि ज्या बहिणाबाईंचे नाव पदवीवर आहे त्या तर शाळेतही गेल्या नव्हत्या. आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. पण सनद मागताना सेवेवर बंदी मागायची नसते. गावात दारूबंदीसाठी उभ्या राहणाऱ्या बायका, निराधारांना डबा पोचवणारे मंडळ, मुलांना मोफत शिकवणारा निवृत्त शिक्षक, यांना कोणाच्याही परवानगीची गरज नाही, पुढेही नसावी. शहाणपण आणि करुणा कोणत्याही परिषदेच्या ताब्यात देता येणार नाही. सनद लागावी ती तिथेच, जिथे कायद्याने दिलेल्या अधिकारात एखादा माणूस दुसऱ्याच्या घरात जातो, त्याच्याबद्दल लिहितो, आणि त्या लिहिण्यावर न्यायालय, समिती किंवा रुग्णालय निर्णय घेते. साने गुरुजींनी मुलांवर प्रेम केले, मुलांची गुपिते सरकारी नमुन्यात भरून मंडळापुढे ठेवण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. ते काम आता आपण हजारो पगारी आणि मानधनी माणसांकडे सोपवले आहे. त्यांची निवड त्यांच्या सद्भावनेवर विसंबून करता येणार नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. सनद म्हणजे आणखी एक दरवाजा, आणि दरवाज्याबाहेर कोण राहते हे आपल्याला माहीत आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर इथल्या पावरा, तडवी, भिल्ल समाजांतली कितीतरी मुले-मुली समाजकार्याच्या पदवीला येतात, कारण हे शिक्षण त्यांच्या जवळ आहे, मराठीत आहे, आणि त्यांच्या वस्तीच्या प्रश्नांबद्दल बोलते. त्यांच्यासमोर इंग्रजीतली पर्यायी उत्तरांची परीक्षा ठेवली तर काय होईल? अमेरिकेचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तिथे प्रत्येक राज्य आपली सनद देते आणि बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय मंडळाची १७० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. त्या मंडळानेच २०२२ मध्ये निकालांची वंशवार आकडेवारी प्रसिद्ध केली. त्याआधीच्या काही वर्षांत क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या गोऱ्या उमेदवारांचे प्रमाण ८४ टक्क्यांच्या आसपास होते, कृष्णवर्णीयांचे ४५ टक्के. दोघांनीही तीच पदव्युत्तर पदवी घेतलेली असते. कृष्णवर्णीय वस्तीत काम करायला ज्यांची सर्वाधिक गरज, तेच परीक्षेत मागे पडतात असा याचा अर्थ. इलिनॉय राज्याने तर आधीच, २०२२ च्या सुरुवातीपासून, आपल्या एका स्तरावरच्या सनदेसाठी परीक्षेची अट काढून टाकली होती.

हा पुरावा सनदेच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही, तो एका विशिष्ट प्रकारच्या परीक्षेच्या विरोधात आहे. पावरी बोलणारी कार्यकर्ती पाड्यावरच्या आईशी तिच्या भाषेत बोलू शकते, ही तिची व्यावसायिक पात्रता आहे आणि सनदेच्या नियमांत तिला गुण मिळाले पाहिजेत. एकगठ्ठा परीक्षेऐवजी पदवीनंतर वर्षभराचे पर्यवेक्षित काम, त्यातले अहवाल, आणि मराठीत तोंडी मुलाखत, असा मार्ग ठेवता येतो. पदवी नसलेल्या पण पंधरा-वीस वर्षे काम केलेल्या कार्यकर्त्यांसाठी ठरावीक मुदतीत अनुभवाच्या जोरावर नोंदणीची सोय हवी, नाहीतर सर्वांत अनुभवी माणसेच बाहेर फेकली जातील. शुल्कही मानधनावर काम करणाऱ्याला परवडेल इतकेच असावे.

अट पदवीच्या नावाला बांधून ठेवली की काय होते, हे मनोविकार समाजकार्याच्या बाबतीत देशाने नुकतेच पाहिले. २०१७ च्या कायद्याने एमएसडब्ल्यूच्या वर दोन वर्षांची एम.फिल. मागितली. हे शिक्षण बेंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, तेजपूर अशा ठिकाणी मिळते आणि जागा मोजक्या असतात. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद केली. कायदा जी पदवी मागतो तीच उरत नाही असे दिसल्यावर क्लिनिकल मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली. सनदेने पदवीचे नाव न पाहता शिक्षणाचे आणि पर्यवेक्षित कामाचे तास पाहिले असते, तर अशी पाळी आली नसती.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. अकरा महिन्यांच्या करारावर, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या समुपदेशकाला सनद देऊन काय साधणार, असे विचारले जाते. सनदेने पगार वाढेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही, वाढेलच असे नाही. पण नोंदणी नसल्याचा फायदा आज नेमणूक करणाऱ्याला मिळतो, हेही तितकेच खरे. जागेसाठी ‘कोणताही पदवीधर’ चालतो म्हटले की दर पाडता येतो. रुग्णालयात परिचारिकेच्या जागी विनानोंदणी माणूस बसवता येत नाही, म्हणून परिचारिकांच्या संघटनेच्या मागणीला वजन येते. वैधानिक कामाला नोंदणीकृत माणूसच लागेल असा नियम झाला तर समाजकार्यकर्त्यांच्या संघटनांना निदान बोलणी करायला आधार मिळेल. शिवाय सनदेबरोबर येणाऱ्या आचारसंहितेचा एक उपयोग फारसा लक्षात येत नाही. वरिष्ठाने अहवाल बदलायला सांगितला तर ‘मला परिषदेला उत्तर द्यावे लागते’ असे म्हणण्याची सोय कंत्राटी माणसाला तिच्यामुळे होते.

परिषदाच भ्रष्ट झाल्या तर काय, हा प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. भारतीय वैद्यकीय परिषद बरखास्त करून २०२० मध्ये नवा आयोग आणावा लागला, हे ताजे उदाहरण आहे. त्याला माझे उत्तर एवढेच की परिषदेत व्यवसायाबाहेरची माणसे हवीत. बालगृहात वाढलेली तरुण व्यक्ती, मानसिक आजारातून बरी झालेली व्यक्ती, दिव्यांग संघटनेचा प्रतिनिधी, अशांना तिथे मताचा अधिकार हवा. नोंदवही मराठीत आणि खुली हवी. निर्णय प्रसिद्ध व्हायला हवेत. केवळ प्राध्यापक आणि अधिकाऱ्यांची परिषद व्हायची असेल तर ती न झालेली बरी.

महाराष्ट्राला दिल्लीतल्या विधेयकाची वाट पाहत बसायचे कारण नाही. समाजकार्य महाविद्यालयांना अनुदान राज्याचा सामाजिक न्याय विभाग देतो, बाल न्याय मंडळे आणि बालगृहे महिला व बालविकास विभागाकडे आहेत, रुग्णालये आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांकडे. या विभागांनी मिळून २०२१ च्या कायद्यातल्या राज्य परिषदेच्या धर्तीवर सर्व वैधानिक समाजकार्याची एक नोंदवही सुरू करावी, आणि तिची सुरुवात सामाजिक तपासणी अहवाल, गृह अभ्यास अहवाल आणि मनोसामाजिक मूल्यमापन लिहिणाऱ्यांपासून करावी. खानदेशातल्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने त्यासाठीचे उजळणीचे वर्ग आखून ठेवावेत, परिषद झाल्यावर धावपळ करू नये. आणि तोवर वाचकांनी एक करावे. आपल्या घरी चौकशीला, तपासणीला किंवा समुपदेशनाला कोणी आले तर त्यांना बसायला द्यावे, पाणी द्यावे, आणि ओळखपत्र, शिक्षण, कोणत्या आदेशाने आलात आणि मी सांगेन ते कोणाकोणाला वाचायला मिळेल, हे चार प्रश्न न संकोचता विचारावेत. चांगल्या समाजकार्यकर्त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.